खोका उघडल्याबाबत

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी एका ग्राहकाने कंपनीचा खोका उघडला.

कंपनी मॉडेल गाड्यांचे जोडणी-संच बनवत असे. खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग, चिकटवायची चिन्हे आणि एक माहितीपत्रक. घरी बसून भाग तासायचे, रंगवायचे, एकमेकांना चिकटवायचे, की खऱ्या गाडीची हातभर लांबीची हुबेहूब प्रतिकृती तयार. निदान माहितीपत्रकात तसे म्हटले होते. प्रत्यक्षात खोका विकला जाई, घरी नेला जाई, कपाटावर चढवला जाई आणि तिथेच राही. ही पद्धत इतकी जुनी आणि सर्वमान्य होती की खोका कोणी उघडेल, ही शंका कंपनीने केव्हाच सोडून दिली होती.

त्यामुळे ‘जोडणी-मदत कक्ष’ अशी पाटी असलेल्या खोलीतला फोन वाजू लागला, तेव्हा आवाज कसला आहे हे कोणाला कळेना. खोलीत मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. आगीची घंटा समजून मजला रिकामा करण्यात आला. सगळे खाली आवारात रांगेत उभे राहिले, हजेरी झाली, धूर दिसला नाही. शेवटी नियोजन अधिकारी वर गेला, खुर्च्या बाजूला करत फोनपर्यंत पोचला आणि त्याने तो उचलला.

“मदत कक्ष ना? डावा दरवाजा नाहीये,” एका वयस्कर बाईंचा आवाज आला.

“कसला डावा दरवाजा?”

“गाडीचा. उजवा आहे. त्याची काच आहे, हँडल आहे, बिजागऱ्या आहेत. डाव्याचं काहीच नाही. त्याच्या जागी खड्यांची पुरचुंडी आहे.”

“बाई, म्हणजे तुम्ही खोका... उघडलात?”

“मग काय कानाला लावून ऐकू?”

बाकीचे ग्राहक तेच करत. पण हे फोनवर सांगण्यासारखे नव्हते.

इथे थोडे अर्थशास्त्र सांगणे भाग आहे. अशा गाडीत प्लास्टिक फुटकळ असते. खर्च असतो तो साच्याचा. साचा पोलादात कोरावा लागतो, आणि एकदा कोरला की त्यातून एक नग काढा की लाख, त्याला सोयरसुतक नसते. गाडी लहान मापाची असेल तर तिचा दरवाजा नखाएवढा. तो बॉनेटच्या शेजारी कुठेतरी बसून जातो. मोठ्या मापाच्या गाडीचा दरवाजा मात्र खराखुरा उघडावा लागतो. त्याला बाहेरची बाजू, आतली बाजू, काच, काच वरखाली करायचा दांडा. एका दरवाजाच्या साच्यांत लहान मापाची अख्खी गाडी आरामात निघते. शिवाय गाडी जितकी मोठी, तितकी ती महाग, आणि तितकी ठेवायला जागा असलेली घरे कमी. म्हणून शहाण्या कंपन्या वाडवडिलांचेच साचे धुऊनपुसून चालवतात, खोक्यावर नवे चित्र छापतात आणि त्याला ‘नवी आवृत्ती’ म्हणतात.

पण शौकीन मंडळींनी वर्षानुवर्षे धोशा लावला होता: नवी गाडी काढा, मोठी काढा, आजवर कोणी काढली नाही अशी काढा. कंपनीने पाहणी केली. सगळ्यांनी ‘नक्की घेणार’ असे लिहून दिले. पाहणीत होकाराला पैसे पडत नाहीत. खऱ्या गाडीच्या कारखानदाराने नाव वापरू देण्याबद्दल भलीमोठी रक्कम घेतली आणि प्रतिकृती तंतोतंत असावी अशी अट घातली. मग प्रत्यक्ष मागणी नोंदवायची वेळ आली, तेव्हा ‘नक्की घेणार’वाल्यांपैकी दहातला एक उरला. बाकीच्यांनी कळवले की रंग वेगळा असता तर घेतली असती.

तूट भरून काढण्याचे काम नियोजन अधिकाऱ्यावर आले. त्याने खोक्याचे चित्र टेबलावर ठेवून पाहिले. गाडी उजवीकडून दाखवली होती. जाहिरातीतही उजवीकडून. दुकानाच्या फळीवर, ग्राहकाच्या कपाटावर, सगळीकडे चित्रच समोर. कारखानदाराने मंजुरी दिली तीही चित्राला. डावी बाजू ही निव्वळ श्रद्धेवर उभी होती. अधिकाऱ्याने टिपण लिहिले, त्यात डाव्या दरवाजाचा उल्लेख ‘दृश्यबाह्य भाग’ असा केला, आणि वजन भरून येण्यासाठी खड्यांची सोय सुचवली. ग्राहक दुकानात खोका हलवून बघतो, म्हणून गुणवत्ता विभागाने खुळखुळ-चाचणी घेतली. खडे दरवाजापेक्षा चांगले वाजले.

सगळे सुरळीत चालले होते. आणि आता हा फोन.

संध्याकाळी अधिकाऱ्याने दुसरी चूक केली: ही गोष्ट घरी सांगितली. घरी बायको होती, आणि जेवायला आलेला मेहुणा होता. मेहुणा कंपनीच्या साचे विभागाचा प्रमुख. तो विभाग बंद करण्याची फाइल गेले काही महिने मोठ्या साहेबांच्या टेबलावर होती. साहेबांचा मुद्दा बिनतोड होता: कोणी उघडतच नसेल, तर आत काय आहे याची काळजी पगार देऊन का घ्यायची? फाइलवर शेवटचा शेरा नियोजन अधिकाऱ्याने द्यायचा होता. बायकोने नवऱ्याला बजावून ठेवले होते की माझ्या भावाच्या पोटावर पाय आला, तर या घरात तुमच्याशी बोलणारं कोणी राहणार नाही.

मेहुणा ताटावरून उठलाच. “उघडला? भाऊजी, शपथ घ्या! खरंच उघडला?”

“उघडला रे बाबा. भाग मोजले. एकेक.”

“मोजले! कोण आहे हा देवमाणूस?”

“बाई आहेत. दातांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त.”

“मग प्रश्नच मिटला. दातांचे साचे काढण्यात जन्म गेला असेल त्यांचा. त्यांना कळतं. ताई, ऐकलंस? गिऱ्हाईक सापडलं!”

“म्हणजे याचा विभाग राहणार ना?” बायकोने नवऱ्याला विचारले. तिच्या हातात पळी होती.

“बघू,” अधिकारी म्हणाला.

“बघू नका. लिहा.”

“दरवाजाचा साचा मी महिन्यात कोरून देतो,” मेहुणा म्हणाला. “तो कोणत्या गाढवाने काढून टाकला, तेवढं मला एकदा कळू दे.”

अधिकाऱ्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. दरवाजा झाला तर तो का नव्हता हे विचारले जाणार, आणि दरवाजा झाला नाही तर घर गेले. दोन्हीकडून त्याचीच मान होती.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बैठक बोलावली.

“किती जणांनी उघडला?” साहेबांनी विचारले.

“एक.”

“बाकीचे?”

“बाकीचे समाधानी आहेत, साहेब.”

“कशावरून?”

“त्यांनी उघडलेला नाही.”

साहेबांनी डोळे मिटले. ते विचार करत तेव्हा मिटत. “दरवाजा किती जणांना मिळाला नाही?”

“कोणालाच नाही.”

“आणि तक्रार एकाचीच. म्हणजे दरवाजा नसणं हे काही तक्रारीचं कारण होऊ शकत नाही. नाहीतर सगळ्यांनीच केली असती. या बाईंनी असं काय केलं, जे इतरांनी केलं नाही?”

“उघडला.”

“मग दोष कशात आहे?”

“उघडण्यात,” अधिकारी म्हणाला, आणि त्याला कित्येक तासांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

बाईंना जोडणीपासून परावृत्त करावे असे ठरले. त्यासाठी अधिकारी त्यांच्या घरी गेला. बाईंनी दवाखाना बंद केला होता, पण पुढच्या खोलीतली रुग्णाची खुर्ची आणि वरचा दिवा ठेवून दिला होता. दिव्याखाली गाडीचे इंजिन होते. दात कोरायच्या आकड्यांनी बाईंनी त्याच्या नळ्या इतक्या स्वच्छ बसवल्या होत्या की अधिकारी क्षणभर आपण कशासाठी आलो ते विसरला. कंपनीचे उत्पादन त्याने जोडलेल्या अवस्थेत कधी पाहिलेच नव्हते.

बसायला दुसरी जागा नसल्याने बाईंनी त्याला रुग्णाच्या खुर्चीत बसवले.

“बोला. दरवाजा आणलात?”

“आम्ही तुमचे पूर्ण पैसे परत करायला तयार आहोत.”

“पैसे नकोत. दरवाजा.”

“दुसरा खोका देतो. एकदम नवा.”

“त्यात डावा दरवाजा आहे?”

अधिकाऱ्याने वर दिव्याकडे पाहिले. “उजवे दोन देता येतील.”

“अहो!”

“बाई, तुम्ही गाडी भिंतीला लावून ठेवलीत तर डावी बाजू कोणाला दिसणार आहे? उजवीकडून पाहा, काय सुंदर दिसते.”

“चाळीस वर्षं दात बसवले मी,” बाई म्हणाल्या. “डाव्या बाजूचा दात नसलेल्या माणसाला असं सांगितलं असतं का, की जा, उजवीकडून हसत जा?”

तोंड उघडण्याच्या दृष्टीने ती खुर्ची सोयीची होती, पण बोलण्याच्या दृष्टीने नव्हती.

“तुम्ही स्वतः जोडलीय का कधी एखादी?” बाईंनी विचारले.

“वेळच मिळत नाही. निवृत्त झाल्यावर जोडणार आहे सगळ्या.”

“सगळ्या म्हणजे? किती खोके आहेत घरी?”

“कर्मचाऱ्यांना सवलत असते ना,” अधिकारी म्हणाला. “कपाट भरलं. आता पलंगाखाली ठेवतो.”

“मी निवृत्त झालेय,” बाई म्हणाल्या, “म्हणून सांगते. दरवाजा पाठवा.”

दरम्यान बाईंनी ही हकिकत दुकानदाराला सांगितली, दुकानदाराने गिऱ्हाइकांना सांगितली, आणि आठवड्याच्या आत संग्राहक संघाचे अध्यक्ष कंपनीत येऊन थडकले. अध्यक्षांच्या घरी दोन खोल्या खोक्यांच्या होत्या आणि एक माणसांची. अधिकाऱ्याने माफीचा मजकूर तयार ठेवला होता. तो वाचायची वेळच आली नाही.

“कोण आहे ती बाई?” अध्यक्ष गरजले. “उघडते म्हणजे काय? काही रीतभात?”

“साहेब, पण तुमच्याही खोक्यात दरवाजा कदाचित नसेल.”

“नसेल. असेलही. तुम्हाला काय करायचंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या सगळ्यांच्या मुठी झाकलेल्या होत्या. या बाईने स्वतःची उघडली ती उघडली, वर आमच्याकडे बोट दाखवते!”

“मग आम्ही काय करावं अशी संघाची इच्छा आहे?”

“खुलासा करू नका,” अध्यक्ष म्हणाले. “कृपा करून काही खरं सांगू नका.”

कंपनीने त्यांचे ऐकले. ‘दरवाजाच्या असण्या-नसण्याबद्दल कंपनी कोणतेही विधान करू इच्छित नाही,’ असे निवेदन निघाले, आणि दुपारपर्यंत शिल्लक खोके संपले. काही खोक्यांत दरवाजा आहे आणि काहींत नाही, अशी बातमी पसरली. आपल्या खोक्यात आहे असे प्रत्येकाला वाटत होते. शेजाऱ्याच्या खोक्यात नाही याची खात्री होती. बघायचे तर उघडावा लागणार, आणि उघडला तर किंमत मातीमोल. किमती दुप्पट झाल्या. खोक्याला कान लावून ‘दरवाजा संभवतो’ असे प्रमाणपत्र देणारे तज्ज्ञ निर्माण झाले. त्यांच्यात दोन तट पडले: उभा खोका हलवणारे आणि आडवा हलवणारे.

मोठे साहेब इतके खूश झाले की त्यांनी डोळे उघडे ठेवून विचार केला. पुढची गाडी ‘कायमबंद आवृत्ती’ म्हणून निघाली. खोक्याभोवती पोलादी पट्टी आणि पट्टीवर शिक्का; उघडल्यास खरेदीचा करार रद्द. डावा दरवाजा ठेवायचा की नाही, यावर आता वाद उरला नाही. उजवा ठेवायचा का, हा प्रश्न निघाला, आणि मग चाकांचा. शेवटी एकच मोठी पुरचुंडी ठेवावी असे सर्वानुमते ठरले. गुणवत्ता विभागाने खडे धुऊन घ्यावेत अशी सूचना केली. खर्चाच्या कारणावरून ती फेटाळण्यात आली.

मग ती फाइल अधिकाऱ्याकडे आली. ‘साचे विभागाची आवश्यकता’ या मथळ्याखाली एकच रकाना होता: प्रत्यक्ष वापराचा पुरावा. अधिकाऱ्याने तिथे ‘एक ग्राहक’ असे लिहिले. हे खरे होते, आणि मेहुण्याला तेवढे पुरले असते. मोठ्या साहेबांनी बाजूला नवे पद पेन्सिलने लिहून ठेवले होते. ते त्याला वाचता येत होते. त्याने पेन पुन्हा टेकवले आणि पुढे ‘(अपवादात्मक, तोही निवृत्त)’ अशी भर घातली. हेही खरेच होते.

साचे विभाग महिनाअखेर बंद झाला. अधिकारी ‘आशय-बचत प्रमुख’ झाला. त्याला खिडकी मिळाली.

मेहुणा निरोप घ्यायला खिडकीपर्यंत आला. “भाऊजी, शेरा तुमचा होता?”

“मी फक्त वस्तुस्थिती लिहिली.”

“तेच म्हणतो मी,” मेहुणा म्हणाला. “खोटं लिहिलं असतंत तर भांडता तरी आलं असतं. आणि हो, दरवाजा काढून टाकणारं गाढव सापडलं मला. टिपणाखाली सही वाचली.”

त्याने स्वतःची हत्यारे उचलली आणि तो थेट दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेला. तिथे दोघे मिळून रुग्णाच्या खुर्चीशेजारी डावा दरवाजा कोरू लागल्याचे कळताच कंपनीच्या वकिलाने नोटीस पाठवली: कंपनीची मूळ प्रतिकृती दरवाजाविना आहे, तिला दरवाजा बसवणे म्हणजे बनावट वस्तू तयार करणे होय. बाईंनी नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बिजागरीची आकृती काढली आणि कागद चांगला जाड आहे, याबद्दल कंपनीचे आभार मानणारा निरोप पाठवला.

घरी बायकोने दिलेला शब्द पाळला. ती नवऱ्याशी बोलत नसे. ‘चहा ठेवलाय’ असे ती भिंतीला सांगे, ‘विजेचं बिल आलंय’ असे फ्रिजला. अधिकारी उत्तरही फ्रिजलाच देई. पगार वाढला होता, फ्रिज मोठा घेतला.

नव्या पदावर त्याने कामाचा धडाका लावला. लोकांच्या घरात आणखी काय काय न उघडता पडून असते, याची त्याने पाहणी करवली. परदेशी भाषा शिकवणारे संच होते. पाहुण्यांसाठी राखलेली आणि पाहुण्यांनाही न दिलेली कपबशी होती. व्यायामाची यंत्रे होती, त्यांच्यावर टॉवेल वाळत होते. परंतु या सगळ्यांच्या कितीतरी पुढे, प्रत्येक सुशिक्षित घरातल्या दर्शनी फळीवर, एक वस्तू होती, आणि तिच्या बाबतीत ग्राहक स्वतःहून सांगत होता, की सध्या वेळ नाही, पण वाचायचंय.

कंपनीकडे खोके छापायची उत्तम यंत्रे होतीच. चार महिन्यांत कंपनीची पहिली कादंबरी बाजारात आली. जाड, कापडी बांधणीची, मुखपृष्ठ असे की हातात घेतल्यावर खाली ठेववू नये. पहिली सोळा पाने छापलेली होती, कारण दुकानात ग्राहक तेवढी चाळतो. पुढची चारशे कोरी. शेवटचे पान छापावे का, यावर बैठक झाली. काही जण आधी शेवटचे पान बघतात, असे कोणीतरी म्हणाले. “ते विकत घेत नाहीत,” मोठे साहेब म्हणाले, आणि विषय संपला.

कादंबरी हातोहात खपली. तिच्यावर परीक्षणे आली, ‘संयत’ आणि ‘मौनाचा समर्थ वापर’ हे शब्द सगळ्यांत होते. एका परीक्षकाने मधला भाग थोडा लांबल्याचे नोंदवले. कंपनीने त्याची गंभीर दखल घेतली.

एका रविवारी अधिकारी वर्तमानपत्र वाचत बसला असताना बायको बाहेरच्या खोलीत आली. तिच्या हातात ती कादंबरी होती. खुणेची फीत नवव्या पानापाशी बाहेर आलेली दिसत होती. आणि बायको भिंतीकडे न बघता, फ्रिजकडे न बघता, सरळ त्याच्याकडे बघून बोलली. किती तरी महिन्यांनी.

“हे तुमच्याच कंपनीचं ना? तुम्ही वाचलंत का?”

“नाही. म्हणजे, वाचायचंय. तू वाचलीस?”

“अख्खी. काय लिहिलंय हो! शेवटी तर डोळ्यांत पाणीच आलं.”

अधिकाऱ्याने फितीकडे पाहिले. मग बायकोच्या डोळ्यांकडे पाहिले. ते खरोखरच पाणावले होते. काय होतं शेवटी, एवढे विचारायचे त्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण विचारले तर ती सांगेल, आणि सांगितले तर पुढचे आपल्यालाच बोलावे लागेल, हे त्याला कळत होते. शिवाय घरात कोणीतरी त्याच्याशी बोलत होते.

“हो,” तो म्हणाला. “शेवट चांगलाच जमलाय, असं सगळेच म्हणतात.”

“बघा ना,” बायको म्हणाली, आणि पुस्तक पुन्हा फळीवर ठेवून तिने त्यावरची धूळ पदराने पुसली.

दुसरी आवृत्ती परवा छपाईला गेली. शाईची बचत म्हणून या खेपेला आठच पाने छापायची असे ठरले आहे. आगाऊ मागणी पहिल्या आवृत्तीपेक्षा जास्त असून, मागणी नोंदवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहिली आवृत्ती पूर्ण वाचल्याचे आवर्जून कळवले आहे.